बिनसबबीचा केक

हवामान खात्याचा अंदाज चुकला तर लोक हवामान खात्याला हसतात. केकची पाककृती चुकली तर लोक केक करणारीला हसतात. माझं सगळं भांडण या दोन वाक्यांत आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी इथंच थांबायला हरकत नाही. ज्यांच्या कुकरच्या अजून तीन शिट्ट्या व्हायच्या आहेत त्यांनी पुढं वाचावं.

आधीच सांगून टाकते, माझं भांडण केकशी नाही. वाढदिवसाला मेणबत्ती विझवणं आपल्यात बसत नाही, निरांजनानं ओवाळावं, असं म्हणणारी मंडळी असतात. ओवाळून झालं की आयसिंगचं गुलाबी फूल असलेला तुकडा कुणाच्या बशीत जातोय याकडे त्यांचीच नजर सगळ्यांत बारीक असते. मी त्यांच्यातली नाही. मला केक आवडतो, आणि फूल असलेला तुकडा मी सरळ मागून घेते. माझं भांडण आहे ते केकच्या पाककृती लिहिणाऱ्यांशी आणि त्यांच्या एका लाडक्या वाक्याशी. ते वाक्य असं : 'बेकिंग हे शास्त्र आहे.'

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते १९८८च्या जुलै महिन्यात, रोह्याला, थोरल्या नणंदेच्या घरी. भाच्याचा वाढदिवस होता आणि केक आमच्या पेणच्या घरून जायचा होता. कारण आमच्या धाकटीनं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेनं, नुकताच एक गोल अल्युमिनियमचा ओव्हन घेतला होता. तो दिसायला झाकण लावलेल्या परातीसारखा. झाकणाला मधोमध काचेची खिडकी. पाककृती एका महिला मासिकातली. मासिकाचं नाव सांगत नाही, भांडण वाढवायचं नाही. धाकटीनं ती कापून, कणकेच्या खळीनं वहीत चिकटवून, तीनदा वाचून, लाल शाईनं खुणा करून, अक्षरन् अक्षर पाळून केक केला. केक एका बाजूनं गडासारखा चढला, मध्ये तळ्यासारखा बसला आणि खालून किनाऱ्यावरच्या खडकासारखा काळा पडला. रायगड जिल्ह्याचा उठावाचा नकाशा म्हणून एखाद्या शाळेनं आनंदानं ठेवून घेतला असता.

दुसरा करायला वेळ नव्हता. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत गेली होती, त्यामुळे पॅसेंजरनं जायची सोय होती. पेण ते रोहा, कासू, नागोठणं करत, धाकटी तो डबा मांडीवर धरून बसली होती. गाडीत जागा होती, डबा बाकावर ठेवता आला असता. पण तिनं काही तो खाली ठेवला नाही.

वन्संनी सुरी लावली. सुरी आत गेली ती गेली, बाहेर येईना. मुलं हसली. मग वन्सं अगदी मायेनं, समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, बेकिंग हे शास्त्र आहे. पोह्याचे पापड लाटण्यासारखं नव्हे ते!"

धाकटी हसली. मी नाही हसले. इतक्या वर्षांत अजून हसू आलेलं नाही. म्हणून हा लेख.

आता शास्त्रच म्हणताय ना, तर शास्त्र तपासू. शास्त्र म्हटलं की माप आलं. केकच्या शास्त्रातलं मुख्य माप कोणतं, तर 'कप'. कप म्हणजे किती? अमेरिकेतला कप साधारण २४० मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियातला २५०चा. इंग्लंडच्या जुन्या पुस्तकांतला अर्ध्या पाइंटाचा, म्हणजे २८४चा. आणि आमच्या पेणच्या घरात तेव्हा तीन तऱ्हेचे कप होते. पहिला पाहुण्यांचा, नक्षीचा आणि कंजूष. दुसरा मामंजींचा, ज्यात चहा घेताना मिशांपर्यंत माणूस बुडे. आणि तिसरा कान तुटलेला, ज्यातून आम्ही सुना प्यायचो. पाककृतीत आपलं नुसतं 'दोन कप मैदा, एक कप साखर'. कुणाचा कप? मामंजींचा की सुनांचा? धाकटीनं पाहुण्यांचा घेतला. केक हा घरात पाहुणा, म्हणून त्याला पाहुण्यांचा कप, असा तिचा हिशेब. मला तो आजही बिनचूक वाटतो.

यावर एक शहाणा माणूस हमखास उठतो आणि म्हणतो, 'कोणताही एकच कप घ्या, प्रमाण सांभाळलं म्हणजे झालं.' त्याला खाली बसवा आणि विचारा, अंडी कुठल्या कपानं मोजायची? मैदा कपाबरोबर कमी-जास्त होईल. पण पाककृतीत अंडी तीन म्हणजे तीन. कप लहान निघाला की तीच तीन अंडी डोईजड होतात आणि केकचं रबर होतं. बरं, अंडं तरी कुणाचं? दारातल्या गावठी कोंबडीचं अंडं हातात घ्या आणि पोल्ट्रीतलं घ्या. एक पोरसवदा, एक पैलवान. पाककृतीला दोन्ही सारखीच.

मग उष्णता. 'ओव्हन ३५० अंशांवर तापवून घ्या.' हे अंश फॅरनहाइटचे. सेल्सिअसमध्ये ते साधारण १७७ होतात. पण इंग्रजीतून मराठीत येताना पुढचं अक्षर वाटेत कुठंतरी गळून पडलेलं. एखाद्या भाबड्या बाईनं ३५० सेल्सिअस धरले तर? ३२७ अंशांना शिसं वितळतं, तिथं बिचाऱ्या मैद्याची काय कथा! सुदैवानं धाकटीच्या ओव्हनला अंशच नव्हते. एक वायर, एक लाल दिवा आणि ती काचेची खिडकी, जी वाफ धरली की आंधळी व्हायची. वीज त्या दिवसांत संध्याकाळी इतकी मंद यायची, की बल्बमधली तार उघड्या डोळ्यांनी बघता यावी. पाककृतीत लिहिलं होतं 'पस्तीस मिनिटं'. कुठल्या विजेची पस्तीस मिनिटं, ते नव्हतं लिहिलं.

मग मैदा. विलायती केकचा मैदा मऊ गव्हाचा, चिवटपणा कमी असलेला. आपला मैदा त्या मानानं चिवट. तो चिवट आहे म्हणूनच पुरणपोळीच्या पारीत मिसळला की पोळी न फाटता पातळ लाटता येते. अशा मैद्याला ओल लागली आणि तुम्ही तो घोटत बसलात, की त्याची तार जुळते आणि केक तटतटतो. पाककृतीची आज्ञा काय? 'सर्व मिश्रण दहा मिनिटं चांगलं फेटून घ्यावं.' धाकटीनं घड्याळ लावून दहा मिनिटं फेटलं. नऊ नाही, अकरा नाही.

आणि शेवटी बेकिंग पावडर. ही पावडर म्हणजे सोडा, एक कोरडं आम्ल आणि दोघांची आपापसांत गाठ पडू नये म्हणून मध्ये बसवलेला मक्याचा स्टार्च. ओल लागली की ती दोघं स्टार्चला न जुमानता डब्यातच उरकून घेतात, आणि भांड्यात पडते ती नुसती राख. आता आमचं पेण बघा. मिठागरांचा तालुका, खाडीची हवा. जुलै महिन्यात इथं काडेपेटीतली काडी पेटत नाही, मिठाच्या बरणीत पाणी होतं, चादरीसुद्धा आंबट वास मारतात. त्या हवेत किराणा दुकानाच्या फळीवर मे महिन्यापासून बसलेल्या डब्यातली पावडर! चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघावी, फसफसली तर जिवंत, ही साधी परीक्षा पाककृतीत एका ओळीत मावली असती. ती ओळ नव्हती. त्या जागेवर 'वरून चेरीने सजवावे' अशी ओळ होती. १९८८ साली, पावसाळ्यात, पेणला, चेरी!

म्हणजे हिशेब असा झाला. मापाला एकक नाही, उष्णतेला अक्षर नाही, अंड्याला वजन नाही, हवेचा पत्ता नाही. आणि हे शास्त्र! मग आमच्या आळीत पिंजरा घेऊन येणाऱ्या पोपटवाल्या ज्योतिषालाही प्रयोगशाळा काढून द्यायला काय हरकत आहे? तो निदान समोरच्याचं तोंड बघून तरी बोलतो.

आता ते 'पोह्याचे पापड लाटण्यासारखं' घेऊ. पेणचे पोह्याचे पापड मुंबईपुण्याच्या लोकांना तळल्यावर माहीत असतात. त्याआधीची गोष्ट अशी. पोह्यांचं पीठ, हिंग, मिरची, मीठ आणि पापडखार. पापडखार हा सोड्याच्याच घराण्यातला. केकमध्ये फुगवाफुगवी करणाऱ्याचा चुलतभाऊ म्हणा. तो कमी पडला तर पापड फुलत नाही, जास्त झाला तर लालसर होतो आणि जिभेला धरतो. किती घालायचा ते पीठ किती जुनं, मिरची किती तिखट, खार कुठल्या दुकानातला यावर. मग घट्ट पीठ तेलाचा हात लावून कुटायचं, ते तारेला येईपर्यंत. मग लाट्या, मग लाटणं, मग ऊन. किती ऊन? कडक उन्हात पापड वेडावाकडा होतो, उन्हाशिवाय बुरसतो. हे सगळं धाकटी बोटांनी, जिभेनं आणि आभाळाकडे एकदा बघून ठरवते. रसायन, यंत्रशास्त्र आणि हवामान, तिन्ही एका पाटावर बसून. पण तिनं लाटणं हातात धरलेलं असतं; म्हणून ते शास्त्र नव्हे, 'लाटणं'!

आणि खरा मुद्दा आता येतो. पापड बिघडले तर आमच्याकडे काय म्हणतात? 'आभाळ आलं होतं.' 'खार नवा निघाला.' भात गिच्च झाला तर 'तांदूळ नवा होता'. दही लागलं नाही तर 'गारठा होता'. श्रावणात घराघरांतून होणारं धोंडस घ्या. तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, जाड बुडाच्या भांड्यात घालून खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. ओव्हन तो हाच, फक्त वायर नाही. ते बसकं झालं तर म्हणतात, 'काकडीला फार पाणी सुटलं.' थंडीत आमच्या रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी नाहीतर कोंबडी, वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ. त्या मडक्याला ना काचेची खिडकी, ना लाल दिवा. वासावरून कळतं झाली की नाही. कच्ची राहिली तर 'पाला ओला होता', 'वारा फिरला'. पोपटी लावणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की बाबा रे, तुझा हातच वाईट.

तुम्ही म्हणाल, या तर सबबी. होय, सबबीच! पण जरा नीट ऐका त्या सबबी. एकेक सबब म्हणजे एकेक ज्ञान आहे. 'तांदूळ नवा होता' असं म्हणणाऱ्या बाईला नव्या तांदळाला पाणी कमी लागतं हे माहीत असतं. 'आभाळ आलं होतं' म्हणणारीला हवेतली ओल कळते. ज्या कलेत सबबी आहेत ती कला जिवंत असते, कारण उद्या काय बदलायचं ते त्या सबबीतच सांगितलेलं असतं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघा. पावसाळी हवेत मूर्ती सुकायला किती दिवस लागतील, साच्यातून कधी सोडवायची, रंग कधी घ्यायचा, डोळ्यांची आखणी कधी करायची, हे तिथं हवा ठरवते आणि कारागीर तिचं ऐकतो. साच्यातून अंग न दुखवता वस्तू बाहेर कशी काढावी हे पेणला कुणी केकच्या पुस्तकातून शिकवू नये!

केकनं आमच्याकडे येताना साहित्य आणलं, भांडी आणली, सबबी मात्र आणल्या नाहीत. त्या तिकडेच राहिल्या. तिकडच्या बायकांना त्या ठाऊक असणार : डोंगरावर राहणारीला पावडर कमी घालावी लागते, समुद्राजवळच्या बाईला डबा घट्ट ठेवावा लागतो. आमच्या हाती आली ती नुसती आज्ञापत्रिका. आणि जिथं सबब उरत नाही तिथं दोष द्यायला एकच वस्तू शिल्लक राहते. ती म्हणजे बाई.

सासूबाई त्या दिवशी रोह्यालाच होत्या. दात नव्हते, ऐकू कमी यायचं, त्यामुळे शास्त्राविषयीचं ते प्रवचन त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांनी मधला, बसलेला, ओलसर भाग बोटांनी घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाल्या, "धोंडस बरं झालंय की! गूळ नाही घातला का गं?" सगळे पुन्हा हसले. सासूबाई विनोद करत नव्हत्या. त्यांच्या लेखी तो पदार्थ बिघडलाच नव्हता. बिघडलं होतं ते नाव.

परदेशी पदार्थ आपल्या मातीत रुजवायची एक जुनी रीत आहे. केरळात तलश्शेरीला मांबळ्ळी बापू नावाचे बेकरीवाले होते. १८८३ साली मर्डॉक ब्राऊन या मळेवाल्यानं त्यांच्यासमोर विलायती ख्रिसमस केक ठेवला आणि असा करून द्या म्हणाला. बापूंनी केक चाखला. सांगतात, की साहेबानं फ्रेंच ब्रँडी घालायला सांगितली होती, बापूंनी गावची दारू वापरली. आणि केक असा उतरला की साहेब खूष. गोव्यात पाववाल्यांनी पीठ फुगवायला ताडी घेतली. बेबिंक बघा : नारळाचं दूध, एकावर एक थर आणि वरून निखारे. ही माणसं अडाणी नव्हती आणि आज्ञाधारकही नव्हती. त्यांना चव दाखवली होती. पोथी हातात देऊन परीक्षेला बसवलं नव्हतं. आपल्याकडेही कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७०मध्ये आलं आणि घरोघर गेलं, ते वाटी-चमच्याच्या भाषेत बोललं म्हणून. वाटी ही निदान आपल्या फडताळातली तरी होती!

आता काळ बदलला असं म्हणतात. पेणच्या दुकानात काट्याचे, अंशांचे, घंटी वाजवणारे ओव्हन मिळतात. ग्रॅममध्ये मोजणारे इवलेसे वजनकाटे मिळतात. २०२० साली टाळेबंदीत तर ज्यांनी जन्मात कणीक मळली नव्हती त्या पुरुषांनीही केक केले आणि त्यांचे फोटो आपल्याला बघावे लागले. पण पाककृती सांगणारे बदलले का? पूर्वी ते छापत, आता मोबाईलवर बोलतात, इतकंच. एक नवा शब्द मात्र आला आहे : 'सोप्पा'. दोन 'प'चा. 'सोप्पा, झटपट, कधीच न फसणारा केक!' याच्याइतकं दुष्ट विशेषण मला माहीत नाही. अवघड गोष्ट चुकली तर माणूस म्हणतो, अवघडच होती. कधीच न फसणारी गोष्ट फसली तर त्यानं कुठं तोंड लपवावं? ती बाई वातानुकूलित ओट्यापाशी उभी राहून म्हणते, 'माझा तर नेहमीच असा फुलतो.' फुलेल नाही तर काय! तिच्या स्वयंपाकघरात जुलै येतच नाही.

आमच्या धाकटीचं काय झालं? तिनं रोह्याहून परत आल्यावर तो गोल ओव्हन पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवला, तो आजतागायत माळ्यावर आहे. तिचे पापड नातेवाइकांच्या बॅगांतून अमेरिकेला जातात. त्याच भाच्याची मुलगी आता मोठी झाली. तिनं मागच्या सुट्टीत विचारलं, "आजी, आपण केक करू या?" धाकटी म्हणाली, "नाही गं बाई, मला नाही जमत ते. ते शास्त्र असतं." एका न फुगलेल्या मैद्याच्या गोळ्यापायी एका कसबी बाईनं आपल्या हाताबद्दल हे मत करून घ्यावं, याचा मला राग आहे. आणि हा राग मी गिळणार नाही. मला तो पचत नाही.

म्हणून माझ्या मागण्या लिहून ठेवते. एक, कप लिहायचा तर मिलिलिटर लिहा, नाहीतर ग्रॅममध्ये बोला. दोन, अंशांपुढं अक्षर लिहा. शाई कमी पडत असेल तर मी पाठवते. तीन, पाककृती कुठल्या गावात आणि कुठल्या महिन्यात करून बघितली ते तिच्या डोक्यावर छापा; मग पेणची बाई जुलैत ठरवेल, विश्वास ठेवायचा की नाही ते. आणि चार, ही सगळ्यांत महत्त्वाची. प्रत्येक केकच्या पाककृतीखाली, चेरीच्या ओळीच्या जागी, निदान तीन सबबी द्या. मधे बसला तर काय समजावं, वर तडकला तर काय, तळ जळला तर काय. ज्याला आपल्या पदार्थाच्या तीन सबबी सांगता येत नाहीत त्यानं तो पदार्थ केलेलाच नसतो, कुणाचातरी उतरवून काढलेला असतो.

या मागण्या मान्य होईपर्यंत ज्या ज्या घरात केक बसेल, त्या त्या घरातल्या बाईनं सुरी खाली ठेवावी, पदर खोचावा आणि जमलेल्या मंडळींना मान वर करून सांगावं : "हात तोच आहे हो माझा. पाककृतीलाच पाणी सुटलं."